डायमंड फिरतो, पण हिशेब कोण ठेवतं?

मित्रहो, ग्राइंडिंगची चर्चा बहुतेक वेळा व्हीलचा ग्रेड (कडकपणा), ग्रिट (कणांचा आकार) आणि कूलंट याभोवती फिरते. मला आज व्हीलला पुन्हा धार आणणाऱ्या, म्हणजे ड्रेसिंग करणाऱ्या, त्या छोट्या डायमंडबद्दल बोलायचं आहे, जो जॉबला (ग्राइंड होणाऱ्या भागाला) कधीच लागत नाही आणि तरीही जॉबचं फिनिश, साइज आणि बर्न (उष्णतेने पृष्ठभाग जळणं) हे सगळं ठरवतो.

जात्याची तळी गुळगुळीत झाली की दळण सरत नाही, मग टाकी लावावी लागते. ग्राइंडिंग व्हीलचंही तसंच आहे. कण बोथट होऊन व्हील चमकायला लागतं, त्याला आपण ग्लेझिंग म्हणतो. धातूचा बुरा छिद्रांमध्ये घट्ट बसतो, ते लोडिंग. अशा वेळी व्हील कापायचं सोडून घासायला लागतं आणि सगळी उष्णता जॉबमध्ये उतरते. व्हीलवरून डायमंड फिरवला की बोथट कण फुटतात, निखळतात आणि ताजी धार वर येते. म्हणून ड्रेसिंगला मी व्हीलची साफसफाई मानत नाही. त्या क्षणी आपण नवं टूल तयार करत असतो.

ते टूल कसं तयार होतं, हे आकड्यांत बघू. व्हील मिनिटाला 1500 फेरे घेतंय आणि डायमंड 300 मिमी प्रति मिनिट वेगाने सरकतोय, म्हणजे व्हीलच्या एका फेऱ्यात तो 0.2 मिमी पुढे जातो. डायमंडच्या टोकाची व्हीलला टेकणारी रुंदी 0.6 मिमी असेल, तर व्हीलच्या प्रत्येक जागेवरून तो तीनदा जातो. याला ओव्हरलॅप म्हणतात. तीनच्या आसपास व्हील मोकळं, कापरं राहतं, ते रफिंगला, म्हणजे भराभर माल काढायला, चांगलं. फीड, म्हणजे डायमंडचा सरकण्याचा वेग, निम्मा केला की ओव्हरलॅप सहा होतो, व्हील बारीक होतं, फिनिश सुधारतं, पण बर्नचा धोकाही वाढतो. हाताने चाक फिरवून ड्रेसिंग करणाऱ्याचा वेग प्रत्येक वेळी थोडा वेगळा पडतो, म्हणून व्हीलही प्रत्येक वेळी थोडं वेगळं बनतं. ऑटोमॅटिक ड्रेसरचा, म्हणजे डायमंड आपोआप सरकवणाऱ्या यंत्रणेचा, पहिला उपकार इथे आहे: तो वेग बदलत नाही.

पण याच उपकारात एक फसगत लपलेली आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. एका ठिकाणी शाफ्टवर अधूनमधून बर्न येत होता. कूलंट बदललं, मटेरियल तपासलं, हीट ट्रीटमेंटवाल्यांना दोष देऊन झाला. ड्रेसिंगकडे कुणी बघितलंच नाही, कारण ते ऑटोमॅटिक होतं आणि सेटिंगला कुणाचा हात लागला नव्हता. शेवटी डायमंड काढून भिंगाखाली धरला. टोकावर सपाट आरसा पडला होता, चांगला मिलिमीटरभर रुंद. आता हिशेब करा: फीड तोच 0.2, पण टोक 1 मिमी, म्हणजे ओव्हरलॅप तीनचा पाच झालेला. मशीन इमानदारीने तेच काम करत होतं आणि व्हील दर आठवड्याला थोडं जास्त गुळगुळीत निघत होतं. असा एकाच टोकाचा (सिंगल पॉइंट) डायमंड 10 ते 15 अंश तिरपा बसवायचा आणि ठरावीक ड्रेसिंगनंतर होल्डरमध्ये थोडा फिरवायचा, म्हणजे नवा कोपरा पुढे येतो. हे काम ऑटोमॅटिक सायकल करत नाही. तिथे माणूसच लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डायमंड व्हीलवरून सरकवणं सोपं आहे, ते हायड्रॉलिक सिलिंडरनेही होतं. अवघड आहे ते ड्रेसिंगनंतर व्हीलचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे हे मशीनला कळणं. सपाट पृष्ठभाग घासणाऱ्या सरफेस ग्राइंडरचं उदाहरण घ्या. डायमंड टेबलवर बसवला असेल तर ड्रेसिंग झाल्यावर व्हीलचा तळ डायमंडच्या टोकाच्या उंचीला येतोच. व्हील कितीही झिजलं तरी जॉबची उंची त्या टोकापासून मोजायची, हिशेब आपोआप जुळतो. पण त्यासाठी दरवेळी टेबल ड्रेसरपाशी न्यावं लागतं. तोच ड्रेसर व्हीलहेडवर (व्हील धरणाऱ्या भागावर), व्हीलच्या माथ्यावर बसवला की जॉब जागचा न हलवता केव्हाही ड्रेसिंग करता येतं. मात्र डायमंडने 20 मायक्रॉन घेतले की व्हीलचा तळही 20 मायक्रॉन वर सरकतो, आणि हेड तेवढंच खाली आणावं लागतं. जुन्या मशीनवर हे रॅचेट (दातेरी चाक) आणि पॉल (त्याला अडकणारी खिट्टी) करायचे. डायमंडच्या स्लाइडला एक दात आणि व्हीलहेडच्या फीडला त्याच मापाचा एक दात. मला ती रचना आजही फार सुंदर वाटते. आज सर्व्हो मोटर (नेमकी जागा राखणारी मोटर) आणि मशीनचा संगणकी कंट्रोल तेच करतात.

रॅचेट काय किंवा सर्व्हो काय, दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात: डायमंड झिजत नाही. तो झिजतो. गोल जॉब घासणाऱ्या सिलिंड्रिकल ग्राइंडरवर डायमंडचं टोक 5 मायक्रॉन झिजलं तर व्हीलची त्रिज्या हिशेबापेक्षा 5 मायक्रॉन मोठी राहते आणि जॉबचा व्यास 10 मायक्रॉनने कमी येतो. शिवाय सकाळी थंड असलेलं स्पिंडल (व्हील फिरवणारा दांडा) दुपारपर्यंत तापून काही मायक्रॉन सरकतं. मग डायमंड कधी जास्त खोल घेतो, कधी हवेतच फिरून येतो, आणि कंट्रोल दोन्ही वेळा ड्रेसिंग झाल्याची नोंद करतं.

यावर खरा उतारा आला तो ॲकूस्टिक एमिशन सेन्सरचा. अनुभवी ऑपरेटर कान देऊन ड्रेसिंग करतो. आधी तुटक खर्र-खर्र येतं, डायमंड उंच जागांनाच लागत असतो. मग आवाज एकसंध होतो आणि तो म्हणतो, झालं. सेन्सर हेच काम आपल्या कानापलीकडच्या, शेकडो किलोहर्ट्झच्या कंपनांवर करतो, त्यामुळे पंप आणि मोटरचा गोंगाट मध्ये येत नाही. डायमंड मायक्रॉन-दोन मायक्रॉनने पुढे येतो, पहिला स्पर्श झाला की कंट्रोलला व्हीलची खरी जागा कळते, आणि पूर्ण रुंदीवर सिग्नल सलग आल्याशिवाय सायकल संपत नाही.

मोठ्या उत्पादनात डायमंडचा रोल वापरतात. तो स्वतः फिरतो, आणि त्याच्या फिरण्याच्या दिशेत मोठी गंमत आहे. संपर्काच्या जागी रोल आणि व्हील एकाच दिशेने, जवळपास सारख्या वेगाने जात असतील तर कण चिरडले जातात आणि व्हील खरखरीत, मोकळं होतं. उलट दिशेने फिरवला की व्हील गुळगुळीत होतं. म्हणजे तोच रोल मोटरचा वेग आणि दिशा बदलून रफिंगचं व्हीलही देतो आणि फिनिशिंगचंही.

टर्बाइन ब्लेडच्या निकेल मिश्रधातूंसाठी तर कटिंग चालू असतानाच ड्रेसिंग करतात. व्हीलच्या एका फेऱ्याला 1 मायक्रॉन घेतला तरी 1500 फेऱ्यांना मिनिटाला दीड मिलिमीटर त्रिज्या जाते. व्हील खर्ची पडतं, पण क्षणभरही बोथट राहत नाही. जपानमध्ये विकसित झालेल्या ईएलआयडी (इलेक्ट्रोलिटिक इन-प्रोसेस ड्रेसिंग) पद्धतीत डायमंडने ड्रेसिंग न करता धातूच्या बाँडचं (कण धातूने धरून ठेवलेलं) व्हील विजेने, चालू कामातच मोकळं ठेवतात. तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

एका गोष्टीवर मात्र मी थांबणारच, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. 500 मिमीचं व्हील 45 मीटर प्रति सेकंदाने चालवायला सुमारे 1720 आरपीएम लागतात. झिजून 400 मिमी झालं की तोच वेग राखायला कंट्रोल आरपीएम 2150 च्या आसपास नेतं. आता नवं व्हील चढवलं आणि कंट्रोलमध्ये जुना व्यास तसाच राहिला, तर ते सेकंदाला 56 मीटरच्या वेगाने फिरेल आणि फुटूही शकेल. व्हील बदललं की व्यास भरल्याशिवाय आणि कमाल वेग तपासल्याशिवाय स्पिंडल सुरूच होणार नाही, असं इंटरलॉक हवंच. तसंच कूलंटचं. डायमंड टेकण्याआधी प्रवाह सुरू झालाय याची खात्री फ्लो स्विचने व्हायला हवी. तापलेल्या डायमंडवर मध्येच गार पाणी पडलं तर तो तडकतो.

ड्रेसर नीट चालतोय का, असं मला नेहमी विचारतात. मी सांगतो, मशीन पूर्ण बंद करा, व्हील थांबू द्या, आणि व्हीलच्या रुंदीभर तीन-चार ठिकाणी रंगीत खडूच्या रेघा ओढा. गार्ड लावा, एक सायकल चालवा, पुन्हा बंद करून बघा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या असतील तर उत्तम. एका कडेला रंग उरला असेल तर ड्रेसरची स्लाइड समांतर नाही किंवा तिला प्ले (ढिलेपणा) आलाय. आणि सगळा रंग जसाच्या तसा असेल, तर स्क्रीनवर 20 मायक्रॉन लिहिलेले दिसले तरी डायमंड व्हीलला टेकलेलाच नाही.