शिरोरेषा कधी ओढता?

मंडळी, आधी एक काम सांगतो. समोरच्या कागदावर ‘मिरची’ लिहा. सुवाच्य नको, वाण्याच्या यादीत लिहिता तसं. झालं? आता सांगा, पहिली वेलांटी ‘म’च्या आधी काढलीत की नंतर? आणि शिरोरेषा? अक्षरागणिक, की शेवटी एकच सपकन? बघा, या सभागृहातच तट पडले.

कागदाला याचं सोयरसुतक नसतं. पेनवर चालणाऱ्या संगणकाला असतं, कारण तो शाई बघतच नाही. वॅकॉम कंपनीच्या, पेनानं लिहायच्या इलेक्ट्रॉनिक पाटीचं उदाहरण घ्या. तिच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती विद्युतचुंबकीय लहर सोडते, पेनातलं तारेचं वेटोळं त्या लहरीनं झंकारतं, आणि जाळी लगेच गप्प होऊन तो झंकार ऐकते. पेनाला लागणारी ऊर्जा अशी पाटीकडूनच मिळते, म्हणून आत बॅटरी नाही! टोक दाबलं की झंकाराचा सूर किंचित बदलतो. त्यावरून दाब कळतो. सेकंदाला शंभराहून जास्त वेळा हे चालतं. हाती येते ती बिंदूंची माळ, क्रमानं ओवलेली. कुठली रेघ आधी, कुठे पेन उचललं, सगळं तिच्यात असतं. स्कॅन केलेल्या कागदात हे कुठून येणार?

पण माळ मिळाली म्हणून अक्षर कळलं असं नाही. १९९३ मध्ये ॲपलचं न्यूटन आलं, पेनानं लिहायचा हातातला छोटा संगणक. ते अख्खा शब्द शब्दकोशाशी ताडून बघायचं आणि चुकलं की भलताच शब्द समोर ठेवायचं. व्यंगचित्रांतून त्याची भरपूर टिंगल झाली. १९९६ च्या पाम पायलट या खिशातल्या संगणकानं डाव उलटवला. त्याची ‘ग्राफिटी’ लिपी माणसानंच शिकायची. जवळपास प्रत्येक अक्षर एका फटक्यात. इंग्रजी ‘ए’ची आडवी दांडीच गायब. मला ही थोडी लबाडी वाटते, पण लोक ती आनंदानं शिकले.

आपल्याकडे ही लबाडी कशी चालणार? जोडाक्षरं, रफार, मात्रा एका फटक्यात कोंबून दाखवा! त्यात घाईच्या अक्षरात ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ ओळखायचे बहुतेक शिरोरेषेवरूनच, आणि ती तर आपण शेवटी ओढतो. म्हणजे एकेक अक्षर कापून लगेच निकाल देणारं यंत्र इथे फसलंच. त्याला थांबावं लागतं. आजची न्यूरल जाळी, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम, सगळी माळ पुढून आणि मागूनही वाचतात, मग ठरवतात. गूगलनं २०१५ मध्ये हस्ताक्षराचं ॲप काढलं ते ८२ भाषांसाठी, देवनागरीसकट.

आता तुमची मिरची. वेलांटी आधी काढा नाहीतर नंतर, ओळखून झाल्यावर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या संकेतात, आधी ‘म’ जातो, मग वेलांटी. आपण उच्चारतो त्या क्रमानं.