संचालकाचा चेहरा

(सोलापुरातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

वाद्यवृंदाच्या मैफलीत श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहणारा एकच माणूस असतो, आणि टाळ्या मात्र सर्वाधिक त्यालाच मिळतात. संचालकाला आपण चुकीच्या बाजूने पाहतो, असे मला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदांचे संचालक झुबिन मेहता यांच्यावर बोलण्याचे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले, ते हे एकदा जाणकारांसमोर मांडता यावे म्हणून.

मेहतांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक होते आणि बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभा केला होता; त्यामुळे तालीम हा या मुलाच्या घरचाच विषय होता. वैद्यकीय शिक्षणाची वाट अर्ध्यावर सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे वाद्यवृंद-संचालन शिकायला गेले. तेथे ते डबल बास हे खर्जाचे मोठे तंतुवाद्यही शिकले, म्हणजे वादकांच्या रांगेत उभे राहून संचालकाच्या हाताकडे पाहणे त्यांनी स्वतः अनुभवले.

त्या काळातील एक हकिकत मला फार प्रिय आहे. मोठ्या संचालकांच्या तालमींना विद्यार्थ्यांना बसू देत नसत, म्हणून मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो हे दोघे तेथील गायकवृंदात खर्जाचे गायक म्हणून दाखल झाले. गायकवृंद वाद्यांच्या मागे, संचालकाकडे तोंड करून असतो. ब्रूनो वॉल्टर, कारायान अशा दिग्गजांना या दोन मुलांनी समोरून पाहिले, आणि माझ्या मते त्यांची खरी शाळा तीच होती.

समोरून काय दिसते, हे मला आपल्याच गावात, फार कटू रीतीने कळले. एका स्नेहसंमेलनासाठी मी साठ मुलांचे समूहगान बसवले होते. व्यासपीठावर तालमीसाठी अर्धा तास मिळेल, असा शब्द मिळाला होता. तो अर्धा तास सत्कार, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांच्या भाषणांत गेला. मुले उभी राहिली तेव्हा मधल्या खुर्च्याही कोणी हलवल्या नव्हत्या. मी हात उचलला, पुढच्या दोन रांगा बरोबर उठल्या आणि मागच्या अर्धी मात्रा उशिरा आल्या. तिसऱ्या रांगेतली एक लहानशी मुलगी चवड्यांवर उभी राहून, मान वाकडी करून माझा हात शोधत होती. तिचा चेहरा मी विसरलो नाही आणि त्या आयोजकांवरचा माझा रागही आजतागायत गेलेला नाही, कारण तिची काहीच चूक नव्हती.

तिला हवी होती ती समेच्या आधीची मात्रा. संचालकाचे काम पहिल्या सुराच्या आधी सुरू होते: हात वर जातो त्या क्षणी लय ठरते, आवाजाचा जोर ठरतो, फुंकून वाजवणाऱ्यांनी श्वास कधी घ्यायचा हेही ठरते. नवी पेठेतून जाणाऱ्या वरातीतला बँडमास्तरसुद्धा नवे गाणे उचलण्याआधी वळून वादकांकडे तोंड करतो. तो का वळतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि जाहीर केलेला विषय, म्हणजे मेहतांची कारकीर्द, अजून बाकी आहे. तो आता भरभर सांगतो. १९५८ साली लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा त्यांनी जिंकली. १९६१ मध्ये माँट्रियल आणि १९६२ मध्ये लॉस एंजेलिस येथील वाद्यवृंद त्यांच्याकडे आले. १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे ते न्यूयॉर्क फिलहार्मोनिकला होते. इस्रायल फिलहार्मोनिकशी १९६९ मध्ये सल्लागार म्हणून जुळलेले नाते पुढे संगीत-संचालकपदापर्यंत गेले आणि ते पद त्यांनी २०१९ मध्ये सोडले. १९९४ मध्ये बोस्नियातील सारायेव्होच्या, युद्धात जळालेल्या ग्रंथालयाच्या भग्नावशेषांत त्यांनी मोझार्टचे रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचे प्रार्थनासंगीत, सादर केले. २०१३ मध्ये श्रीनगरच्या शालीमार बागेत बव्हेरियाचा वाद्यवृंद आणला. इतक्या दशकांच्या सहवासात वादकांनी त्यांची पाठ नव्हे, चेहरा पाहिला, आणि मला या साऱ्या यादीत तेवढेच महत्त्वाचे वाटते.

आता दिवे मालवून व्हिएन्नाच्या २०१५ च्या नववर्ष मैफलीचा थोडा भाग पाहू. तेव्हा मेहता ७८ वर्षांचे होते. कॅमेरा अधूनमधून वादकांच्या बाजूने त्यांच्याकडे वळतो. त्या वेळी पहिल्या सुराची वाट न पाहता, कृपया त्यांच्या डोळ्यांकडे पाहा.