रद्दीतून निघालेलं शुभवर्तमान

(दृश्य: वाळूचे उंचवटे. कडेला खजुराची झाडं.)

समोर दिसतोय तो उकिरडा आहे. एका शहराने शेकडो वर्षं टाकलेला. कैरोच्या दक्षिणेला साधारण 160 किलोमीटरवर, आजच्या अल-बहनसा गावाजवळ, ऑक्सिरिंकस नावाचं शहर होतं. फिटलेल्या कर्जाचे कागद, कराच्या पावत्या, जुनी पत्रं, मुलांचे गिरवलेले धडे. पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदावर, लिहिलेलं हे सगळं काम संपलं की गावाबाहेर फेकलं जायचं. इथे पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते कुजलं नाही. हे ढिगारे खताची माती म्हणून गावकरी पूर्वीपासून उपसत होते. त्या मातीला तिकडे 'सेबाख' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1896-97च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डचे दोन तरुण अभ्यासक, बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट, मजूर लावून इथे खणू लागले. ढिगाऱ्यांना हात घालून दोन-चार दिवसही झाले नसतील, तोच हंटच्या हाती एक चुरगळलेलं पान आलं. त्यातला एक ग्रीक शब्द त्याने ओळखला. 'कार्फोस'. म्हणजे कुसळ.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मराठी बायबलातही, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूची शिकवण सांगणाऱ्या पुस्तकाच्या, सातव्या अध्यायात, हेच दोन शब्द आहेत. हंटला तेच वचन आठवलं. पण पान उलगडून वाचल्यावर कळलं, की हे मत्तयाचं नाही. यात येशूची अशीही वचनं होती, जी बायबलात कुठेच नाहीत.

"दगड उचल, तिथे मी सापडेन. लाकूड चीर, मी तिथे आहे."

जळी, स्थळी, काष्ठी, पाषाणी ऐकत वाढलेल्या कानाला हे ओळखीचं वाटतं. वाटू द्या. पण तेवढ्यावरून नातं जोडायची घाई नको.

1904पर्यंत याच उकिरड्यातले आणखी दोन तुकडे छापून झाले. त्यातला एक जमिनीच्या मोजणीच्या यादीमागे लिहिलेला आहे. म्हणजे आपल्या भाषेत, सातबाऱ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर देवाचे शब्द. कागद महाग असला की असंच होतं. हे तुकडे कुठल्या ग्रंथातले, हे मात्र पुढची पन्नासेक वर्षं कुणालाच सांगता आलं नाही.

(दृश्य: नाईलच्या वरच्या अंगाला जबल अल-तारिफचा कडा.)

उत्तर मिळालं दक्षिण इजिप्तमधल्या नाग हम्मादी गावाजवळ. प्रचलित गोष्ट अशी: 1945च्या डिसेंबरात एक शेतकरी कड्याच्या पायथ्याशी सेबाख खणायला गेला. एक मोठा रांजण लागला. आत जिन्न असेल म्हणून आधी भीती, मग सोनं असेल म्हणून हाव. फोडला तर निघाल्या चामड्याच्या बांधणीतल्या पोथ्या. घरी नेऊन टाकल्या, तर आईने काही पानं चुलीत घातली. याच सुमाराला घरात बापाच्या खुनाचा बदला घेणं चाललेलं, पोलिसांच्या फेऱ्या. म्हणून एक पोथी गावच्या पाद्र्याकडे ठेवायला दिली, आणि तिथून ती जाणत्या माणसाच्या नजरेला पडली.

गोष्ट झकास आहे. जरा जास्तच झकास. ती गोळा झाली तीस वर्षांनी, आणि दर वेळी बदलत गेली. सोबत किती माणसं होती, इथपासून फरक. 1950च्या आसपासच्या पहिल्या वृत्तांतात तर खुनाचा उल्लेखच नाही. गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी तिच्यावर उघड शंका घेतली आहे. ही पुस्तकं कुणा मृताच्या थडग्यात ठेवलेली असावीत, असंही काहींचं म्हणणं आहे.

आमचा भरवसा गोष्टीपेक्षा पुठ्ठ्यांवर जास्त. चामड्याचं वेष्टण ताठ राहावं म्हणून बांधणाऱ्याने आतून रद्दी चिकटवली होती. सातव्या पोथीच्या पुठ्ठ्यातल्या रद्दीवर तारखा आहेत: इसवी सन 341, 346, 348. म्हणजे पोथी त्यानंतर बांधलेली. त्याच रद्दीत एका बाईने दोन संन्याशांना लिहिलेलं पत्र आहे. माझ्या गाढवांना भुसा कमी पडतोय, तुमच्याकडे थोडा मिळतो का बघा. असला मजकूर कुणी रंगवून सांगत नसतं.

एकूण 13 पोथ्या. तेराव्या पोथीची थोडीच पानं, तीही सहावीत खोचलेली. 50हून जास्त ग्रंथ, सगळे कॉप्टिकमध्ये, म्हणजे ग्रीक लिपीत थोडी भर घालून लिहिलेल्या जुन्या इजिप्ती भाषेत. यात प्लेटोच्या ग्रंथाचा एक उताराही आहे, पण भाषांतर इतकं ढिसाळ, की आधी प्लेटो ओळखूच आला नाही! एक पोथी दलालामार्फत देशाबाहेर गेली, 1952 साली झुरिकच्या युंग इन्स्टिट्यूटसाठी विकत घेतली गेली, आणि टप्प्याटप्प्याने कैरोला परतली. आज सगळ्या पोथ्या तिथल्या कॉप्टिक म्युझियममध्ये आहेत.

दुसऱ्या पोथीत निघालं थोमाचं शुभवर्तमान. 114 वचनं. जन्म नाही, चमत्कार नाहीत, क्रूस नाही, नुसतं "येशू म्हणाला". थोमा म्हणजे येशूचा शिष्य, मलबारला आला अशी केरळच्या ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे, तोच. ग्रंथ त्यानेच लिहिला असं आज अभ्यासक मानत नाहीत, त्याच्या नावावर मात्र आहे. 1952 साली फ्रेंच अभ्यासक आंरी-शार्ल प्वेश यांनी ताळा जुळवला: उकिरड्यातले तिन्ही तुकडे याच ग्रंथाच्या ग्रीक प्रतींमधले.

मग हे बायबलात का नाही? 367 साली अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी इजिप्तच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्र लिहून नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागाच्या, 27 पुस्तकांची यादी दिली. आजची यादी तीच. यात भर घालू नका, यातून काही काढू नका, असं बजावलं. पत्र आलं म्हणूनच पोथ्या पुरल्या, असं बरेचदा सांगतात. तारखा जवळच्या आहेत, एवढंच खरं.

(दृश्य: पपायरसचं एक पान, कडा झिजलेल्या.)

यादीबाहेर राहिलेलं आणखी एक पुस्तक मरीयेचं. मग्दाला गावची मरीया. ही पोथी 1896 साली कैरोत जर्मन अभ्यासक कार्ल राइनहार्ट यांनी विकत घेऊन बर्लिनला नेली. 1912 साली छपाई चालू असताना छापखान्यातला पाण्याचा नळ फुटला आणि छापलेला मजकूर वाया गेला. मग पहिलं महायुद्ध. 1938 साली संपादक कार्ल श्मिट वारले. मग दुसरं महायुद्ध. पुस्तक बाहेर आलं 1955 साली.

त्यात येशूचा शिष्य पेत्र चिडतो: आम्हाला सोडून येशू एका बाईशी गुपचूप बोलला? दुसरा शिष्य लेवी त्याला म्हणतो, पेत्रा, तू कायमचाच तापट.

पोथीची सुरुवातीची सहा पानं गहाळ आहेत. मधली चारही. बहनसाच्या उकिरड्यातून या ग्रंथाचा एक ग्रीक तुकडा निघाला, 1983 साली छापला गेला. पण त्यातला भाग नेमका आधीच हाती असलेल्या पानांवरचा. दहाव्या पानावर मरीया प्रभूला विचारते, दर्शन कशाने घडतं, आत्म्याने की जिवाने? तो म्हणतो, दोन्हींनी नाही. दोन्हींच्या मध्ये मन असतं, ते पाहतं, आणि ते म्हणजे...

इथे पान संपतं. पंधराव्या पानावर मरीया बोलतेच आहे, पण विषय पुढे गेलेला असतो.