राजा बारा वर्षांचा असताना

(वडोदऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषय पत्रिकेवर छापलाय, 'कुमारांसाठी अद्भुत साहसकथा कशी रचावी'. त्याकडे येतेच. पण वडोदऱ्यात उभं राहून बालराजाची गोष्ट काढायची आणि गोपाळरावांना, म्हणजे पुढच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांना, टाळायचं, हे मला जमणार नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. तरी पहिल्या रांगेतल्या मुलांसाठी सांगते. नोव्हेंबर १८७४. रेसिडेंट, म्हणजे वडोदरा दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले, पपनसाच्या सरबताचा एक घोट घेतला, चव बरी लागली नाही म्हणून उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ होता. तपासात निघालं काय, तर सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड! हिऱ्याची पूड, मुलांनो. येताना दारात तुम्हाला कोकम सरबत दिलं ना? घाबरू नका, ते मीही प्यायलेय.

आळ आला तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर. चौकशी मंडळात तीन इंग्रज, तीन हिंदी. त्यांचं एकमत झालं नाही, तरी एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना गादीवरून काढून मद्रासला पाठवलं. आणि सव्वा महिन्यात, २७ मे रोजी, मालेगावजवळच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा, गोपाळ, आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतला. निवडीच्या वेळी प्रत्येक मुलाला विचारलं, "कशाला आलास?" बाकीचे गोंधळले. गोपाळ म्हणाला, "राज्य करायला." असं सांगतात, आणि माझी आजी हे सांगताना दर वेळी पदर सावरून ताठ बसायची.

मला मात्र त्या उत्तराच्या पुढची रात्र दिसते. कालपर्यंत शेतात, गुरांमागे हिंडणारं पोर. अक्षरओळख जेमतेम. आता मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, चार भाषा एकदम शिकायच्या. ज्या दरबारात सहा महिने विषाच्याच गोष्टी चालल्या, तिथे समोर ताट येतं. आणि नावसुद्धा बदललेलं: गोपाळ गेला, सयाजी आला. याच मुलाने पुढे १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालयाचं काम सुरू केलं. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयाच्या काचेच्या जमिनीवर पाय ठेवायला मी लहानपणी भ्यायचे, तो वेगळा किस्सा, नंतर सांगेन.

तर माझी तक्रार. माझ्या कादंबरीत असाच एक बालराजा आहे. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. म्हणाले, "यातला कारभारी काढा, राक्षस घाला. मुलांना कारभारी कळत नाही." मला फार लागलं ते. मुलांना कारभारी कळत नाही? आपल्या नावाने दुसरंच कुणी बोलतंय, हे ज्याने घरात एकदाही अनुभवलं नाही असं मूल दाखवा मला. "तिला गणितच आवडतं हो," असं पाहुण्यांना परस्पर सांगतात तेव्हा ती पोरगी दाराआड उभी असते!

आणि कारभारी वाईटच हवा असंही नाही. सर टी. माधवराव कर्तबगार दिवाण, त्यांनी कारभाराची घडी बसवली. तरी २८ डिसेंबर १८८१ पर्यंत, अठराव्या वर्षापर्यंत, राज्य चाललं ते मुलाच्या नावाने, मुलाच्या हाताने नव्हे. बालराजावरचं खरं संकट ते. राक्षसाला तलवारीने मारता येतं. मायेने हात धरून सही करवून घेणाऱ्याचं काय करायचं?

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मग रचनेचं भराभर सांगते. पहिलं, जादू एकच ठेवा आणि तिला किंमत लावा. माझ्या गोष्टीत राजाचा शिक्का आहे. खोट्या कागदावर तो उमटतच नाही. पण दर नकारासरशी राजा आपल्या गावची एक आठवण विसरतो. आधी विहिरीचं पाणी, मग बैलाचं नाव. दुसरं, सुटका मोठ्यांनी करायची नाही. नऊ ते बारा वर्षांचा वाचक ते खपवून घेत नाही, पुस्तक मिटतो. सोबतीला एक बरोबरीचं मूल द्या, जे राजाला "अरे" म्हणू शकतं. तिसरं होतं भाषेबद्दल. एवढंच म्हणते, दरबारी शब्द घाबरून गाळू नका. मुजरा, खलिता, फर्मान मुलांना आवडतात, तोंडात घोळवतात ती.

आता शेवटचं प्रकरण. मी ते चारदा लिहिलंय. शेवटच्या शिक्क्याला राजाचं घरचं नाव जातं. आई गावाहून येते, महालाच्या दारात उभी राहून त्याच नावाने हाक मारते. त्याला ती हाक ऐकू येते, पण ती आपल्यासाठी आहे हे कळत नाही. पहिल्या रांगेतल्यांनो, मोठ्यांना विचारू नका, तुम्हीच सांगा: त्याने मागे वळावं का?