‘डार्क फिनिक्स’ : किनाऱ्यावरच्या वाचकांची मते

श्रोतेहो, नमस्कार.

जी गोष्ट अजून संपलेलीच नाही, तिच्या एका खंडाविषयी मत कसे द्यावे, हा प्रश्न कादंबरीच्या वाचकाला सहसा पडत नाही. पण महिन्यामागून महिना निघत राहणाऱ्या कॉमिकच्या वाचकाला तो प्रत्येक खंडाच्या शेवटच्या पानावर पडतो. आजच्या भाषणात मी अशाच एका खंडाबद्दल, आणि रत्नागिरीपासून मालवणपर्यंतच्या आमच्या काही वाचकमित्रांनी त्याबद्दल जी मते मांडली त्यांच्याबद्दल बोलणार आहे. हा खंड म्हणजे ‘एक्स-मेन’ या अमेरिकन मालिकेतला ‘डार्क फिनिक्स सागा’. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, आणि पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. याही पुस्तकाचा प्रवास तसाच झाला, आणि प्रत्येक वाचकाने ते परत देताना आपले मत त्याच्याबरोबर दिले.

मालिकेची ओळख थोडक्यात करून देतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली ती सुरू केली. जन्मतःच काही विलक्षण शक्ती लाभलेली, आणि त्यामुळेच समाजाच्या भीतीचा विषय झालेली तरुण मुले प्रोफेसर झेवियर यांच्या शाळेत एकत्र येतात, ही मूळ कल्पना. वाचक पुरेसे न मिळाल्यामुळे १९७० ते १९७५ या काळात मालिकेत नव्या कथा येणे थांबले आणि जुन्याच कथा पुन्हा छापल्या जाऊ लागल्या. १९७५ साली लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवा संघ उभा केला. केनियातून आलेली स्टॉर्म, जर्मनीचा नाइटक्रॉलर, रशियाचा कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरिन अशी देशोदेशीची माणसे त्यात आली. त्याच वर्षी लेखन ख्रिस क्लेरमाँट यांच्याकडे गेले आणि १९७७ पासून जॉन बर्न चित्रे काढू लागले. आमच्या हाती असलेल्या आवृत्तीत १९८० सालचे १२९ ते १३८ हे अंक एकत्र बांधलेले आहेत.

कथेचा गाभा असा आहे. संघातली जीन ग्रे हिला पूर्वीच फिनिक्स नावाची प्रचंड शक्ती प्राप्त झालेली आहे. मास्टरमाइंड नावाचा मायावी माणूस तिच्या मनात शिरून तिला अठराव्या शतकातल्या एका खोट्या आयुष्याचे भास दाखवतो आणि हेलफायर क्लब या धनाढ्यांच्या गुप्त मंडळात ओढतो. ती त्या भासातून बाहेर येते, परंतु तोवर तिच्यावरचे सगळे बांध फुटलेले असतात. अंक १३५ मध्ये ती भूक भागवण्यासाठी एक तारा गिळते. त्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहावरची पाच अब्ज माणसे त्यात मरतात. अंक १३७ मध्ये शिआर हे परग्रहावरचे साम्राज्य तिचा जीव मागते, तिचे सहकारी तिच्या बाजूने चंद्रावर लढतात आणि हरतात, आणि शेवटी जीन स्वतःच आपले प्राण देते.

नव्या वाचकांची पहिली तक्रार अगदी साधी होती. अंक १२९ पासून वाचायला लागलेल्या माणसाला आधीच्या शंभरावर अंकांचे ओझे जाणवते, आणि दुसरीकडे प्रत्येक अंकात प्रत्येक पात्राची शक्ती पुन्हा समजावून सांगितलेली असते. ही तक्रार मला पूर्ण मान्य आहे. महिन्यातून एकदा स्टॉलवर अंक घेणाऱ्या मुलासाठी ती पुनरुक्ती आवश्यक होती. तेच अंक एका बैठकीत सलग वाचताना मात्र कोलोससची कातडी पोलादाची होते हे आपल्याला पुनःपुन्हा ऐकावे लागते. क्लेरमाँट यांची निवेदनेही लांबलचक आहेत, आणि जे चित्रात स्वच्छ दिसते आहे तेच चौकटीच्या वर शब्दांत लिहिलेले अनेकदा आढळते. ज्या पानांवर लेखकाने बर्न यांच्या रेषेवर विश्वास टाकला आहे, ती पाने आजही ताजी वाटतात. अंक १३२ च्या अखेरीस गटाराच्या पाण्यातून वर येणारा वुल्व्हरिन हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हे पान आवडले नाही असा एकही वाचक मला भेटला नाही.

खरा मतभेद झाला तो अंक १३५ वरून, आणि तो जितका वाढत गेला तितका मला हा खंड अधिक मोलाचा वाटू लागला.

न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचा आक्षेप कथेतल्या न्यायदानावर होता. शिआर सम्राज्ञी लिलांड्रा इतर साम्राज्यांशी सल्लामसलत करून शिक्षा आधीच ठरवते, आणि झेवियर त्यावर उपाय म्हणून द्वंद्वाची मागणी करतात. म्हणजे जो लढाई जिंकेल त्याचे म्हणणे खरे. या सगळ्यात जीनच्या मनाशी मास्टरमाइंडने केलेली छेडछाड कोणासमोर मांडलीच जात नाही. आरोपीची मनःस्थिती गुन्ह्याच्या वेळी काय होती, हा प्रश्न कोणत्याही तालुका न्यायालयात सर्वांत आधी विचारला गेला असता, असे त्यांचे म्हणणे होते. हे मत ऐकल्यावर मी अंक १३७ पुन्हा वाचला, आणि त्यांचे निरीक्षण बरोबर आहे अशी माझी खात्री पटली. लढाईच्या आदल्या रात्री प्रत्येक सहकारी स्वतःशीच विचार करतो की आपण जीनच्या बाजूने का उभे राहावे. ती पाने सुंदर आहेत, परंतु त्यांतला विचार मैत्रीचा आहे, न्यायाचा नाही. लेखकाने जाणूनबुजून तसे केले असावे असे मला वाटते. मात्र ज्याला न्यायाची अपेक्षा आहे त्या वाचकाचे समाधान ही पाने करू शकत नाहीत.

मिरकरवाड्याच्या बंदरावरून होडी नेणाऱ्या एका तांडेलाने हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. त्याच्या मते जबाबदारी स्कॉट समर्सची, म्हणजे संघप्रमुख सायक्लॉप्सची होती. खोल समुद्रात एखाद्या खलाशाचे चित्त थाऱ्यावर नाही हे तांडेलाला सगळ्यांच्या आधी कळते, आणि कळल्यावर तो त्याला जाळ्याच्या दोरापाशी उभा करत नाही. स्कॉटला जीनमधला बदल दिसत होता, तिच्या शक्तीची वाढ त्याला खुपत होती, तरीही प्रेमापोटी तो ते बोलून दाखवत नाही आणि तिला प्रत्येक मोहिमेवर नेत राहतो. पाच अब्ज माणसांचा हिशेब जीनकडे मागायचा तर त्यातला काही भाग स्कॉटकडेही मागावा लागेल, असे त्याचे ठाम मत होते. एक्स-मेनवरच्या चर्चेत मी स्कॉटविषयी पुष्कळ ऐकले आहे, बहुतेक वेळा तो कंटाळवाणा आहे एवढेच. त्याच्या नेतृत्वाकडे इतक्या नेमक्या नजरेने पाहणारे मत मला या तांडेलाकडूनच मिळाले.

देवरुखच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचे मत या दोघांहून निराळे होते, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ बोलणे झाले. संपूर्ण खंडात जीनची शक्ती कोणी ना कोणी पुरुष आवरू पाहतो, याकडे तिने लक्ष वेधले. मास्टरमाइंड तिला भासांनी बांधतो, झेवियर तिच्या मनात अडसर घालतात, आणि स्त्रीच्या हाती अमर्याद सामर्थ्य आले की ते विध्वंसाकडेच जाते असे कथा अखेरीस सुचवते, असे तिचे म्हणणे. हा आक्षेप फार गंभीर आहे आणि तो खोडून काढता येईल असे मला वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्याच खंडात स्टॉर्मही आहे. वादळे हाताळणारी ही स्त्री आपल्या सामर्थ्याशी अत्यंत संयमाने वागते, आणि जीनला ती मैत्रीण म्हणून जितके ओळखते तितके इतर कोणी ओळखत नाही. त्या विद्यार्थिनीला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, कारण स्टॉर्मला या खंडात निर्णय घेण्याची जागाच दिलेली नाही. पाने पुन्हा तपासल्यावर मलाही तिचेच म्हणणे अधिक खरे वाटते.

आता या खंडाच्या शेवटाविषयी. श्रोत्यांपैकी अनेकांना कदाचित ठाऊक नसेल, की क्लेरमाँट आणि बर्न यांनी आधी तयार केलेल्या शेवटात जीन मरत नव्हती. शिआर तिची शक्ती कायमची काढून घेतात आणि ती सामान्य स्त्री म्हणून पृथ्वीवर परतते, असा तो शेवट होता. मालिकेचे प्रकाशक मार्व्हल यांचे तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी तो नाकारला, कारण एका संपूर्ण ग्रहाच्या हत्येनंतर केवळ शक्ती गमावणे ही शिक्षा त्यांना अपुरी वाटली. त्यामुळे अखेरची पाने बदलण्यात आली. आधीचा शेवट पुढे १९८४ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. शूटर हे स्वतः वाचकांमधून लेखक झालेले होते. ‘लीजन ऑफ सुपरहीरोज’ या दुसऱ्या एका संघाच्या कथा त्यांनी शाळकरी वयात लिहून पाठवल्या आणि १९६६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्या छापून आल्या. त्याच लीजनचा नेता कोण असावा हे वाचक मतदानाने ठरवत असत. वाचकाचे म्हणणे कथेत उतरू शकते, हे शूटर यांनी लहानपणापासून अनुभवलेले होते.

मतदान आणि मत यांत मात्र मी फरक करतो. १९८८ साली बॅटमनच्या मालिकेत रॉबिन म्हणजे जेसन टॉड जगावा की मरावा, हे वाचकांना दूरध्वनी करून ठरवायला सांगितले गेले. मरण्याच्या बाजूने ५३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५२७१ मते पडली, आणि ७२ मतांच्या फरकाने तो मुलगा मारला गेला. त्या आकड्यांतून कोणाला काय वाटत होते ते आपल्याला कधीही कळणार नाही. याउलट कर्ट ब्यूसिक या तरुण वाचकाने, तो व्यावसायिक लेखक होण्याआधीच, जीनला परत आणण्याची एक युक्ती शोधून काढली: विध्वंस करणारी जीन नव्हतीच, फिनिक्स शक्तीने तिचे रूप घेतले होते, आणि खरी जीन समुद्राच्या तळाशी एका कोषात निद्रिस्त होती. ही कल्पना लेखक रॉजर स्टर्न यांच्यामार्फत जॉन बर्न यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९८६ साली अधिकृत कथेचा भाग झाली. एका वाचकाने मूळ पाने बारकाईने वाचली, तिथे कुठे फट आहे ते शोधले, आणि त्या फटीतून संपूर्ण पात्र परत आणले.

ही युक्ती हुशारीची आहे याबद्दल वाद नाही. तिने या खंडाचे भले केले की नुकसान, याबद्दल मात्र आमच्यात दोन तट पडले. मालवणच्या एका शिक्षकांचे म्हणणे असे, की जीन निर्दोष ठरली त्या दिवशी अंक १३७ मधला त्याग पोकळ झाला, आणि आता हा खंड विकत घेणाऱ्या माणसाला फसवल्यासारखे वाटेल. मला हे पटत नाही. १९८० साली हे अंक लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना जीन ही जीनच होती. चंद्रावरच्या शेवटच्या पानांतले दुःख त्या समजुतीवर उभे आहे, आणि सहा वर्षांनंतरच्या कोणत्याही अंकाला मागे येऊन ती पाने पुसता येत नाहीत. चालू मालिकेच्या एका खंडाविषयी बोलताना त्या खंडाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये जे आहे त्यालाच उत्तर द्यावे, अशी माझी भूमिका आहे, आणि ती मी या शिक्षकांसमोर दर भेटीत मांडत असतो. ते अजून माझ्या बाजूला आलेले नाहीत.

एक मत सांगायचे राहिले. आठवीत शिकणाऱ्या एका मुलीने हा खंड वाचला आणि तिला तो जीनचा वाटलाच नाही, किटी प्राइडचा वाटला. किटी ही तेरा वर्षांची मुलगी अंक १२९ मध्ये प्रथमच दिसते, आपल्याला होणाऱ्या डोकेदुखीचा अर्थ काय हे तिला तिथेच कळते, आणि संघ संकटात सापडल्यावर कोणतेही प्रशिक्षण नसताना ती त्यांच्या मदतीला धावते. त्यानंतर मोठ्यांचे सगळे युद्ध, प्रेम आणि मरण होऊन जाते. अंक १३८ मध्ये जीनचे दफन होते, स्कॉट शाळा सोडून निघतो, आणि त्याच अंकाच्या अखेरीस किटी सामान घेऊन शाळेच्या दारात येते. मोठ्या वाचकांपैकी बहुतेकांनी हा शेवटचा अंक केवळ उजळणी म्हणून भराभर उलटला होता, आणि तसे करायला कारणही आहे, कारण त्यात मालिकेचा आधीचा सगळा इतिहास स्कॉटच्या आठवणींतून सांगितलेला आहे. त्या मुलीने मात्र तो सर्वांत सावकाश वाचला, कारण मालिकेत नव्यानेच शिरलेल्या किटीला आणि तिला स्वतःला तो इतिहास सारखाच अनोळखी होता. पुढचा खंड सर्वांच्या आधी तिच्याकडे द्यायचा, असे आमच्यात ठरले आहे. १९८१ सालच्या १४१ आणि १४२ या अंकांत किटीच कथेच्या केंद्रस्थानी आहे, हे आम्ही तिला मुद्दाम सांगितलेले नाही.

नमस्कार.