वही दिवाळीनंतर संपते
(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधुभगिनींनो आणि पालकहो, गरजू मुलांसाठी वर्गातल्या वर्गात शालेय साहित्य कसे जमवावे, हे मी सांगावे अशी संयोजकांची अपेक्षा आहे. ते मी सांगेनच. परंतु हे काम आपण नेमके जूनमध्येच का उरकतो, ही माझी जुनी तक्रार आधी मांडू द्यावी.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, पाय ठेवायला जागा उरत नाही आणि त्याच पंधरवड्यात साऱ्या मंडळांना, भिशी गटांना व माजी विद्यार्थी संघांना गरजू मुले आठवतात. पहिलीतल्या मुलाच्या पदरात दोन-दोन दप्तरे पडतात. नववीतल्या मुलीकडे मात्र कोणी फिरकत नाही. वास्तविक २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे आणि सरकारी व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात तीही आठवीपर्यंतच. नववीत पुस्तके विकत घ्यावी लागतात आणि त्यांच्या जोडीला प्रयोगवह्या व आलेखवह्याही येतात. परंतु नववीतली मुले छायाचित्रात तितकीशी गोंडस दिसत नाहीत, त्याला इलाज नाही!

छायाचित्रावरून आठवले. पेठेतल्या एका शाळेत (नाव विचारू नका, तुमच्यापैकी काहीजण तिथलेच असतील) वाटप समारंभ होता. पाहुण्यांनी दप्तर दिले, छायाचित्र हलले, म्हणून दप्तर परत घेऊन पुन्हा दिले. तेही बिघडले, तेव्हा त्या चुणचुणीत मुलाने आपण होऊनच दप्तर पाहुण्यांच्या हाती ठेवले आणि पुन्हा हात पुढे करून उभा राहिला. सभागृह हसले, त्याची आई हसली नाही. वाटलेल्या वह्या सरसकट दोनशेपानी एकरेघी होत्या, त्यामुळे दुसरीच्या बाईंना चौकटीच्या आणि दुरेघी वह्या स्वतःच्या पैशाने आणाव्या लागल्या. शिवाय कुणा कंपनीच्या गतवर्षीच्या रोजनिश्याही त्यात होत्या. एका आज्ञाधारक मुलीने त्यातल्या तारखा पाळून रोज एकच पान लिहिले आणि रविवारची पाने कोरी सोडली.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा मूळ विषय आता भराभर सांगतो.

साहित्य जमवायचे ते ऑक्टोबरात, प्रथम सत्र परीक्षेच्या सुमारास, कारण जूनच्या वह्या दिवाळीनंतर संपतात आणि कंपासपेटीतले कर्कटक तोवर हरवलेले असते. वर्गशिक्षकांनी आधी वह्या चाळून यादी करावी. यादीत वस्तू आणि संख्या लिहावी, मुलांची नावे लिहू नयेत. प्रत्येक घराने एकच वस्तू, परंतु यादीतली आणि नवी, द्यावी. रोख रक्कम शिक्षकांच्या हाती देऊ नये. पालकांपैकी दोघांनी घाऊक दुकानातून डझनाने खरेदी करून पावती फळ्याशेजारी लावावी. एलिमेंट्री या चित्रकलेच्या परीक्षेला बसणाऱ्यांचे रंग आणि ब्रश मात्र त्या परीक्षेपूर्वी, ऑगस्टमध्येच आणावेत.

वाटप करूच नये. वर्गात बिनकुलपाचे कपाट ठेवावे आणि ज्याची पेन्सिल संपली त्याने, मग तो डॉक्टरांचा मुलगा का असेना, न विचारता घ्यावी. सुरुवातीला कपाट लवकर रिकामे होईल. नवलाई ओसरली की थांबेल.

नववीसाठी दहावीला जाणाऱ्यांकडून एप्रिलमध्येच पुस्तके मागून ठेवावीत, फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे. आता प्रश्न असतील तर विचारा.