पोत्यावरचे ३० टक्के

मंडळी, क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातले नांग्यांचे, झिंग्यासारखे जीव. त्यांतला शेतीला सोपा असा रेडक्लॉ हा मूळचा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ओढ्या-नद्यांतला. कुजका पालाही खातो, म्हणून त्याच्या खाद्यात माशांच्या पुडीऐवजी सोया पेंड बरीच चालते. असा परदेशी जीव परवानगीशिवाय आणायचा नसतो. म्हणून आपल्या सांगलीच्या शेततळ्यात बसणारा त्याचा भाऊबंद, जंबो झिंगा, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, धरून बोलतो.

खाद्य घेताना आपण पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा बघतो. तेवढ्यावर भागत नाही. सोया पेंडीत ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत, पण मेथिओनिन, म्हणजे प्रथिनातला एक गरजेचा घटक, कमी. त्याहून मोठी अडचण कोलेस्टेरॉलची. झिंग्याला ते स्वतः तयार करता येत नाही, आणि कात टाकायचं संप्रेरक त्यातूनच बनतं. पेंडीत ते जवळजवळ नसतंच. मग झिंगा वाढत नाही, कात अर्धवट अडकते, आणि मऊ पडलेल्याला बाकीचे खातात. म्हणून माशांची पूड कमी करा, पण जनावरी खाद्य शून्यावर आणू नका.

१० किलोचा हिशेब असा: सोया पेंड साडेतीन किलो, शेंगपेंड अर्धा, तिळाची पेंड अर्धा, बिनमिठाच्या सुक्या जवळ्याची पूड १ किलो, तेल काढलेला भाताचा कोंडा अडीच, मैदा दीड, मिनरल मिश्रण ३०० ग्रॅम, माशाचं तेल २०० ग्रॅम. प्रथिनं ३० टक्क्यांच्या जवळ बसतात. तीळ मेथिओनिनची उणीव थोडी भरतो, जवळा कोलेस्टेरॉल देतो. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या मिळत असतील तर वाळवून, तेल काढून सोयातला १ किलो बदलता येईल. पण जवळा काढून त्या घालू नका.

सोया कच्चा असेल तर पचनच अडतं. ओळखायला बरणीत चमचाभर पेंड, चिमूटभर युरिया आणि थोडं पाणी घालून झाकण लावा. वीस मिनिटांनी उघडल्यावर अमोनियाचा उग्र वास आला तर पेंड नीट भाजलेली नाही. उलट करपलेली, तपकिरी पेंडही नको, तिच्यातलं लायसिन, हाही प्रथिनातला गरजेचा घटक, जातं. शेंगपेंडीला बुरशीचा कुबट वास असेल तर पोतं परत करा. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष, शिजवून जात नाही.

मैद्याची आधी घट्ट खळ शिजवा. बाकीचं बारीक चाळून त्यात मळा, शेवयाच्या यंत्रातून दोन-अडीच मिलिमीटरच्या शेवया पाडा आणि सावलीत कडक वाळवा. मिनरल आणि तेल खळ कोमट झाल्यावरच. झिंगा खाद्य नांगीत धरून सावकाश कुरतडतो, त्यामुळे शेवई पाण्यात टिकली पाहिजे. पेल्यात टाकून दोन तासांनी बोटानं उचला. बोटात राहिली तर ठीक, चिखल झाला तर खळ कमी पडली.

जास्त खाद्य संध्याकाळी द्या, तो रात्रीचा खाणारा. तळ्यात खाद्य घातलेले दोन-तीन ट्रे सोडा आणि दोन तासांनी वर ओढून बघा. शिल्लक दिसली तर दुसऱ्या दिवशी दहावा हिस्सा कमी करा. तळाशी कुजलेलं खाद्य पहाटे प्राणवायू खातं, आणि झिंगे कडेला येऊन बसतात.